शंकासूरबाईंचे ससे

संशोधन संस्थेत बाईंना तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि पाठ वळली की 'शंकासूर'. बाईंना हे ठाऊक होतं. दूधवाला 'आज दूध एकदम चांगलं आहे हो' म्हणाला तर ज्या बाईला त्यातल्या 'आज' या शब्दाची शंका यायची, तिला आपल्या मागे काय बोललं जातं हे कळणार नाही? उलट त्या नावाचा त्यांना मनातून थोडा अभिमानच वाटायचा.

बायकांच्या शरीरातली हार्मोन्स मोजायची, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. भरलेल्या विहिरीत कोणी चिमूटभर साखर टाकली असेल तर ती किती ते सांगा, अशातलं ते काम. तिथे भाबड्या माणसाचा निभाव लागत नाही. यंत्र खोटं बोलतं, बाटलीवरची चिठ्ठी खोटं बोलते, घरी जायची घाई झालेला सहायक तर हमखास खोटं बोलतो. आणि सगळ्यांवर कडी करतं ते आपल्याला हवंहवंसं वाटणारं उत्तर. म्हणून बाईंचे दोन नियम होते. एक, एकदा आलेलं उत्तर म्हणजे अफवा. आणि दुसरा, अर्धं करून बघ. म्हणजे नमुना पातळ करून निम्म्यावर आणायचा आणि पुन्हा मोजायचा. हार्मोन खरोखरच असेल तर आकडाही निम्म्यावर यायला हवा. नाही आला, तर समजायचं की नळीत हार्मोनच्या नावाखाली भलतंच कोणीतरी येऊन बसलं आहे.

"मॅडम, आकडा आला!" असं म्हणत सहायक धावत आला की बाई मान वर न करता विचारायच्या, "अर्धं केलंस?"

"अजून नाही."

"मग आला नाही."

हाच सहायक एकदा लग्न ठरल्याचं सांगायला आला, तेव्हा बाईंनी त्याला विचारलं होतं, "ती हो म्हणाली ते एकदाच की दोनदा?" तो हसला. बाई हसल्या नव्हत्या.

हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. बाईंची थोरली बहीण, त्यांची ताई, लग्नानंतर काही वर्षांनी माहेरी परत आली ती कायमची. मूल होत नव्हतं, कुठल्याशा प्रयोगशाळेतून तपासणीचा कागद आला आणि त्या एका कागदावर सासरच्यांनी तिला दाराबाहेर काढलं. ताई रडली नाही, भांडली नाही. घरात कोणी पाहुणा आला की आतल्या खोलीत जाऊन बसायची, तेवढंच. पुढे बाई स्वतः या विषयात शिरल्या, त्या प्रयोगशाळेतल्या एका निवृत्त माणसाला भेटल्या, तेव्हा तो सहज म्हणाला, "त्या काळात आमच्याकडे नळ्यांची अदलाबदल फार व्हायची हो." फार व्हायची हो! त्या 'हो'वर बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तोवर ताई गेली होती. त्या दिवसापासून बाईंचा कागदावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

सुरुवातीच्या दिवसांत त्या गरोदर बायकांच्या वॉर्डातून लघवीचे कॅन गोळा करत फिरायच्या. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोक उतरायचे. एका परिषदेत एका मोठ्या सरांनी पडद्यावर सुंदर रेषा दाखवली, सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि मागच्या रांगेतून बाईंनी विचारलं, "अर्धं केलं होतं का, सर?" सरांनी केलं नव्हतं. पुढे त्यांना तो निबंध मागे घ्यावा लागला. तेव्हापासून बाईंना परिषदांना बोलावणं कमी झालं, पण लोक निबंध छापण्याआधी त्यांच्याकडे पाठवू लागले. गर्भपाताच्या औषधांवर, न येणाऱ्या पाळीवर, वारंवार पडणाऱ्या गर्भांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. दुसऱ्याच्या चुका काढण्यात अर्धं आयुष्य गेलं. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी स्वतःची एक चाचणी तयार केली.

ती चाचणी म्हणजे बाईंचा जीव. गर्भ राहिला की रक्तात एक हार्मोन दिसू लागतं. ते अगदी इवलंसं असतानाच पकडायचं आणि तेही लहान इस्पितळांना परवडेल अशा साधनांनी. त्यासाठी त्यांनी ससे पाळले. सशाला ते हार्मोन टोचलं की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रथिनं तयार करतं. अशी दोन प्रकारची सशाची प्रथिनं बाईंनी घेतली. एक नळीच्या तळाशी चिकटवलं, दुसरं वर मोकळं सोडलं. मध्ये हार्मोन आलं की ते मध्यस्थासारखं एक हात खालच्याला देतं, एक वरच्याला, आणि जोडी जमते. जमलेल्या जोड्या मोजायच्या, की झालं. चाचणी इतकी तीक्ष्ण होती की खुद्द बाईंनाही तिच्यात खोट सापडेना. आणि इथेच गडबड झाली. लोकांच्या आकड्यांकडे डोळ्यात तेल घालून बघणाऱ्या बाई स्वतःच्या चाचणीला अर्धं करायचं हळूहळू विसरल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शास्त्रज्ञ झाली म्हणून काय झालं, ही म्हण कोणाला सुटली आहे?

काम संपलेल्या सशांना संस्थेत ठेवत नसत, एक सुई देऊन त्यांचा निकाल लावत. शेवटच्या दोघांच्या वेळी मात्र बाईंचा हात उचलेना. नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी त्या दोघांना टोपलीत घालून घरी आणलं आणि मागच्या अंगणात पिंजरा करवून घेतला. त्यातली एक ससीण शांत, दिवसभर डोळे मिटून बसणारी. तिला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. दुसरा बोका म्हणावा असा धटिंगण ससा, त्याचं नाव 'आगाऊ'. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, "हा कोणाला चावला तर परत संस्थेत. तिथे त्याचं काय होईल ते होईल."

सशांचं सगळं सून करायची.

सून म्हणजे अबोल बाई. नाटक कंपनीचे कपडे शिवायची. मागच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला राजाराण्यांचे झगे टांगलेले आणि तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे बोलायची सोय आधीच कमी. तिची एक सवय होती. कुठलीही गोष्ट ती एकदाच सांगायची. 'दूध उतू जातंय' एकदाच. 'मला बरं नाही' एकदाच. समोरच्याने ऐकलं तर ऐकलं. आणि बाईंना तर दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटायची नाही. म्हणून त्या घरात 'काय म्हणालीस?' हा प्रश्न फार चालायचा आणि त्याला उत्तर फार कमी मिळायचं. बाईंचा मुलगा जहाजावर इंजिनिअर, एकदा गेला की कित्येक महिने समुद्रावरच. तो आला की नवरा-बायको मूल व्हावं म्हणून आस लावून बसायची, तो गेला की सून पुन्हा टाचण्या तोंडात धरायची.

चाचणी इस्पितळांत जायच्या आधी निरोगी, गरोदर नसलेल्या बायकांचं रक्त तपासून बघायचं होतं. अशा वेळी संशोधक काय करतात? जाहिरात देत नाहीत, हाताशी असेल त्याची बाही वर करतात. बाईंनी संस्थेतल्या बायकांचं रक्त घेतलं, शेजारणीचं घेतलं, आणि एका सकाळी सुनेचंही.

सुनेच्या नळीत गर्भाचं हार्मोन निघालं.

मुलगा घरातून गेल्याला अर्धं वर्ष होऊन गेलं होतं.

"मॅडम, अर्धं करू?" सहायकाने विचारलं. नळीवर फक्त खूण होती, रक्त कोणाचं ते त्याला माहीत नव्हतं.

"आपल्याच टेस्टला काय अर्धं करायचं?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी नळी स्वतःच्या हाताने स्टँडमधून काढून घेतली. मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्या क्षणी. चाचणीबद्दल नव्हे, सुनेबद्दल.

त्या दिवसापासून बाईंना घरात जे जे दिसू लागलं, ते आधीही तिथे होतंच. संध्याकाळी सून नाटकाच्या तालमीला जायची आणि कपड्यांच्या गाठोड्यांसकट तिला कंपनीचा लाइटवाला टेम्पोने दारात सोडायचा. सोडू दे की. पण आता बाई पडद्याआड उभ्या राहून बघू लागल्या, की टेम्पो थांबल्यापासून दार उघडेपर्यंत इतका वेळ का लागतो? गाठोडी उतरवायला? तीन गाठोड्यांना? लाइटवाला काहीतरी बोलायचा आणि सून हसायची. घरात हिला शब्द जड होतात आणि दारात हसू फुटतं, हे कसं काय? सून पूर्वी अर्ध्या बाह्यांचे ब्लाऊज घालायची, ती अलीकडे ऐन उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून बसायची. एकदा भांडी घासताना बाही वर गेली आणि बाईंना तिच्या हातावर ओरखडे दिसले. ताजे, लाल, नखांचे.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही. टाचणी लागली."

टाचणीला पाच नखं असतात होय? बाईंनी विषय तिथेच सोडला. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे आता पक्कं झालं. त्यांनी काहीतरी निमित्त काढून पुन्हा रक्त घेतलं. आकडा तोच. दोनदा आला म्हणजे आता अफवा नाही. खरं तर बाईंना रात्री झोप लागेनाशी झाली. मुलाचा फोन आला की त्या 'सगळं ठीक' म्हणून रिसीव्हर सुनेकडे द्यायच्या आणि स्वयंपाकघरात उगीच एखादं डबडं घासत तिचा आवाज ऐकत राहायच्या. आवाजात गोडवा जास्त आहे का? नेहमीपेक्षा जास्त गोडवा म्हणजे लपवाछपवी. कमी असला तर मन उडालेलं. संशयाला काय, कुठलंही माप चालतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी विषय काढला. सून सेनापतीच्या अंगरख्याला गुंड्या लावत होती.

"तुझ्या रक्तात गर्भाचं हार्मोन आलंय," बाई म्हणाल्या. "दोनदा."

सुनेने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "शक्य नाही," ती म्हणाली. "हे इथे नाहीत आणि मी दुसऱ्या कोणाकडे गेलेली नाही."

बाईंनी सवयीने विचारलं, "काय म्हणालीस?"

सुनेने उशीवरच्या टाचण्या काढून पुन्हा तोंडात धरल्या.

बाई सुनेला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. ही बाईंची शाळेपासूनची मैत्रीण, बायकांच्या आजारांची डॉक्टर. तिने सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं. आणखी काही दिवसांनी बाईंच्याच चाचणीने पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढलाही नाही, कमीही झाला नाही. गर्भ असता तर भराभर वाढला असता. पडलेला असता तर उतरला असता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गर्भाच्या उरलेल्या पेशींची गाठ असू शकते," ती म्हणाली. "दिसत नाही, पण कुठेतरी बसलीय आणि हार्मोन सोडतेय. थांबून चालत नाही यात. जालीम इंजेक्शनं द्यावी लागतील. त्याने नाही उतरलं, तर पिशवी काढायची."

"मला मूल हवंय," सून म्हणाली.

"जीव राहिला तर मूल, बाळ."

जाता जाता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त एकदा बाहेरच्या लॅबमध्ये पाठवू या का? दुसरं मत म्हणून."

"बाहेरच्या?" बाई उसळल्या. "ते लोक काय मोजतात ते त्यांचं त्यांना तरी कळतं का? माझ्या टेस्टहून चांगली टेस्ट कोणाकडे आहे ते सांग."

डॉक्टरीणबाईंनी विषय सोडून दिला. शंकासूरासमोर कोण शंका काढणार?

घरी परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. बाईंच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. उरलेल्या पेशी म्हणजे आधी गर्भ होता. गर्भ होता म्हणजे तो कोणाचातरी होता. आणि आता नाही, म्हणजे हिने गुपचूप काढून टाकला. घरी आल्यावर चपलाही न काढता त्या म्हणाल्या, "हे बघ, मी काही जुन्या वळणाची सासू नाही. जे झालं ते झालं. पण कोणाकडून काय करून घेतलंस ते खरं सांग, म्हणजे उपचार नीट करता येतील. तुझ्या भल्यासाठी विचारतेय."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने पदर खोचला, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "चहा घेणार का, मॅडम?"

तोवर ती बाईंना 'आई' म्हणायची. लग्नाच्या दिवसापासून, कोणी न शिकवता. त्या दिवसापासून मॅडम. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला वाढलंय, मॅडम. इस्पितळातून फोन आला होता, मॅडम. संस्थेत आख्खं आयुष्य हा शब्द ऐकलेल्या बाईंना तो घरात ऐकवेना. वरमून गप्प राहण्याऐवजी त्या आणखीच चिडल्या. चोर तो चोर वर शिरजोर, असं त्यांना वाटलं. हे वाटलं त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

पहिलं इंजेक्शन सोमवारी द्यायचं ठरलं. आदल्या शनिवारी सकाळी बाई कधी नव्हे त्या मागच्या अंगणात गेल्या. पुढच्या आठवड्यात सून अंथरुणावर असेल, तेव्हा सशांचं काय ते ठरवायला हवं होतं. सून पिंजऱ्यासमोर बसून आत हात घालून जुनं गवत काढत होती. आगाऊ कोपऱ्यात दबा धरून बसला होता. बाईंच्या डोळ्यादेखत तो झेपावला, सुनेच्या मनगटाला त्याने कडकडून चावा घेतला आणि मागच्या पायांच्या नखांनी सबंध हात ओरबाडत सुटला. सून ओरडलीसुद्धा नाही. सवयीचं असल्यासारखं तिने त्याला मानेला धरून बाजूला केला, हात पदराखाली घेतला आणि वळून बघते तो बाई उभ्या.

"काही नाही लागलं," ती घाईघाईने म्हणाली. "त्याला परत नका पाठवू. तिथे मारतील त्याला."

"हात दाखव."

"काही नाही झालेलं."

"दाखव म्हणते ना!"

सुनेने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात चाव्यांनी आणि ओरखड्यांनी भरला होता, काही ओले, काही खपली धरलेले, काही केव्हाच भरून पांढरे पडलेले. महिनोन्‌महिन्यांचे. एवढंच होतं लपवलेलं. एका माजोरड्या सशाचा जीव वाचावा म्हणून ही बाई मुकाट्याने चावे सोसत होती आणि लांब बाह्या शिवून घेत होती.

बाई पायरीवर बसल्या. आधी लाज वाटली, ती ओरखड्यांची. त्या हातावर त्यांनी मनातल्या मनात कोणाकोणाची नखं बसवली होती! मग त्या लाजेच्या मागून दुसरी गोष्ट पुढे आली. ससा चावतो. सशाची लाळ, सशाच्या अंगचं सगळं माणसाच्या रक्तात शिरतं. माणसाचं शरीर स्वस्थ बसत नाही. ते सशाविरुद्ध प्रथिनं तयार करतं, अगदी तसंच जसं ससा हार्मोनविरुद्ध करतो. आणि बाईंच्या नळीत खाली काय होतं? सशाचं प्रथिन. वर? सशाचं प्रथिन. सुनेच्या रक्तातली प्रथिनं एक हात खालच्या सशाला देणार, एक हात वरच्याला. हार्मोन नसताना जोडी जमणार. आणि यंत्र बापडं जोड्या मोजतं, मध्यस्थ कोण होता हे ते विचारत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळे गाठ पोटात शोधत होते आणि ती बसली होती अंगणातल्या पिंजऱ्यात, गवत चघळत.

"मला तुझं रक्त हवंय," बाई म्हणाल्या. "आणि लघवी."

"आणि विश्वास कशावर ठेवणार, मॅडम?" सून म्हणाली. पण तिने दिलं.

संस्थेला सुट्टी होती. बाईंनी स्वतः कुलूप काढलं आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने पिपेट धरली. पहिल्यांदा नमुना अर्धा केला. आकडा निम्म्यावर यायला हवा होता. जेमतेम हलला. पुन्हा अर्धा केला. तेच. त्यांनी आपल्या आयुष्यात असा आकडा दाखवणाऱ्या कितीतरी माणसांना खोलीबाहेर काढलं होतं. मग त्यांनी फ्रिजमधून साध्या, काहीही न टोचलेल्या सशाचं रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं निवळ पाणी, काढलं आणि ते सुनेच्या नमुन्यात मिसळून ठेवलं. तिच्या रक्तातल्या सशाच्या वैऱ्यांना तिथेच पोटभर ससा मिळाला, तर ते नळीतल्या सशांच्या वाटेला जाणार नाहीत. यंत्र खडखडत चाललं आणि त्याने आकडा दाखवला. शून्य. लघवी तपासली, तिथेही काही नाही. खरं हार्मोन लघवीत उतरतं, ही चिवट प्रथिनं उतरत नाहीत. हे बाई दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. ज्या लघवीचे कॅन वाहत त्यांनी उमेदीची वर्षं काढली, ती एकदा तपासावी असं त्यांना एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं. रक्ताची एवढी तीक्ष्ण चाचणी हाताशी असताना लघवी कोण बघतो?

त्यांना ताई आठवली. आतल्या खोलीत जाऊन बसणारी ताई. एका कागदावर तिला दाराबाहेर काढणाऱ्यांना त्या जन्मभर शिव्या देत आल्या होत्या, आणि आपल्या घरात त्यांनी तेच केलं होतं, फक्त कागद स्वतः तयार केलेला होता. त्या रिकाम्या प्रयोगशाळेत बाई स्टुलावर बसून रडल्या.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी तिथूनच फोन केला. "सोमवारचं इंजेक्शन रद्द कर. गाठ नाही. काही नाही. आणि ऐक, बाहेरच्या लॅबमध्येही पाठव." बाहेरच्या लॅबनेही पुढे 'नाही' असंच कळवलं. त्यांच्या चाचणीत ससा नव्हताच.

घरी आल्या तेव्हा सून मशीनवर होती. बाईंनी सगळं सांगितलं, जोड्या, ससा, अर्धं, शून्य, लघवी. सून मशीन थांबवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. पिशवी वाचली होती तिची.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या शब्दापेक्षा माझ्या लघवीला जास्त किंमत."

 बाई म्हणाल्या, "चुकलं माझं."

सुनेने सेनापतीचा अंगरखा उचलला, दोऱ्याला गाठ मारली. "एकदा आलेलं उत्तर म्हणजे अफवा, मॅडम," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू झालं.

बाईंनी ते मुकाट्याने घेतलं. नियम त्यांचाच होता. रात्री मुलाचा फोन आला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर सुनेकडे दिला नाही. तिच्या समोर उभं राहून त्याला सगळं सांगितलं, पडद्याआड उभ्या राहण्यासकट. पलीकडे मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू कमाल केलीस," आणि ती शाबासकी नव्हती. संस्थेत त्यांनी सगळ्यांना बोलावलं, चाचणी इस्पितळांत पाठवायची थांबवली आणि का थांबवली ते सांगितलं. "मी बाईवर संशय घेतला आणि टेस्टवर घेतला नाही," असं त्या उभ्याने म्हणाल्या. मागे कोणी कुजबुजलं नाही. आता चाचणीच्या प्रत्येक बाटलीत आधी साध्या सशाचं रक्तजल घालायचं ठरलं. कामाला वर्ष जास्त लागणार होतं.

हे सगळं सुनेच्या कानावर गेलं, लाइटवाल्याकडूनच. त्याची बहीण संस्थेत कारकून होती. पण तिने त्यावर अवाक्षर काढलं नाही. मॅडम, दूध आलंय. मॅडम, तुमचा चष्मा इथे आहे. बाईंनी पुन्हा माफी मागायचं टाळलं. सारखं सारखं म्हटलं तर तीही एक जबरदस्तीच, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी फक्त सशांचं काम स्वतःकडे घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेला पिंजऱ्याजवळ फिरकायचं नाही असं बजावलं होतं, आणि आगाऊला परत पाठवायचा विषय बाईंनी काढलाच नाही.

रोज सकाळी संस्थेत जायच्या आधी त्या मागच्या अंगणात जायच्या. साडी खोचून पिंजऱ्यासमोर बसायच्या, जुनं गवत ओढून काढायच्या, पाण्याचं भांडं धुवायच्या. म्हातारी डोळे मिटून बसलेली असायची. आगाऊ कोपऱ्यातून बघत असायचा. आयुष्यभर ससे हाताळलेल्या बाईंना घरच्या सशाची मात्र भीती वाटायची, आणि ती बरोबरच होती.

एका सकाळी त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घातला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून, फोडणीच्या आवाजावरून सुनेचा आवाज आला.

"आई, हातमोजे घाला."

बाईंचा हात तसाच पिंजऱ्यात राहिला. 'काय म्हणालीस?' हे शब्द त्यांच्या अगदी जिभेच्या टोकावर आले. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पण सून एक गोष्ट एकदाच सांगायची. बाईंनी ते शब्द गिळले, पायरीवर पडलेले हातमोजे उचलले आणि घातले.